सुतानुटीत मराठी बोलू नका

सायकल बागबाजारच्या घाटावरच सोडा. आपण 1743 सालात चाललोय; तिथे तिला कुलूप लावायला खांब मिळणार नाही, आणि पुढे चिखल आहे. चपला हातात घ्या.

ही सुतानुटी. पुढे ज्यांचं कोलकाता झालं त्या तीन गावांपैकी हे हुगळीकाठचं, सुताच्या बाजाराचं. चैत्राचं ऊन, त्यात नदीची दमट वाफ. सदरा आत्ताच पाठीला चिकटलाय. नावांतून सुताच्या लडी उतरतायत. बाजूला व्हा! हमाल थांबत नाहीत. ओझं तुमच्या कानाला घासून गेलंच. आंबूस वास येतोय तो विणकरांच्या खळीचा. तेवढ्यात मोहरीच्या कडकडीत तेलात मासा पडतो आणि डोळ्यांत पाणी येतं. भूक लागली ना? मुरमुरे घ्या, पण रुपया काढू नका. इथे सुट्टे म्हणजे कवड्या, आणि मुरमुरेवाली त्या एकेक मोजून घेते.

तिला ‘किती झाले?’ एवढं मात्र मराठीत विचारू नका. तिच्या मागे बघा. पलीकडच्या काठावरून माणसांनी खच्चून भरलेल्या नावा येतायत. भटजींच्या काखेत पोथ्या, सोनाराच्या हातात तराजू, कडेवर रडून थकलेली पोरं. सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द, ‘बर्गी’. म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे बारगीर, घोडेस्वार, आपलीच माणसं. त्यांनी बंगालात केलेल्या लुटीच्या कहाण्या आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फारशा येत नाहीत. इथल्या आया मात्र आजही अंगाईत बर्गींची भीती घालतात.

आता नदीकडे पाठ करून गावाच्या कडेला या. कुदळींचा आवाज, काळ्या चिखलाच्या टोपल्या, गुडघाभर पाण्यात घामाघूम मजूर, वर डासांचे थवे. शहराभोवती खंदक खणणं चाललंय. तुम्ही आत येऊ नये म्हणून! आणि तुम्ही तर मुरमुरे खात काठावर उभे. हसू नका, कोणीतरी बघतंय.

खंदक सात मैलांचा ठरला होता, तीनेक मैलांवर काम थांबलं. मराठे शहरात आलेच नाहीत. 1799 मध्ये त्याचा बराचसा भाग बुजवून सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ अजून आहे. जरूर जा, पण पहाटे. कोलकात्याच्या बऱ्याच मोठ्या रस्त्यांवर दिवसा सायकलला बंदी असते.