वाडा चिरेबंदी

वाडा चिरेबंदी हे महेश एलकुंचवार यांनी लिहिलेले मराठी नाटक आहे. विदर्भातील धरणगाव या गावी राहणाऱ्या देशपांडे या जमीनदार ब्राह्मण कुटुंबाची कथा त्यात आहे. वडिलांच्या मृत्यूनंतर प्रौढ वयातील चार भावंडे एका छताखाली येतात आणि कोणाकडे किती आहे, कोणी किती द्यायचे, हा प्रश्न घरात उभा राहतो. हे नाटक प्रथम १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली 'कलावैभव' या संस्थेने रंगभूमीवर आणले. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' या दोन नाटकांसह त्याची त्रिनाट्यधारा झाली.

पार्श्वभूमी

एलकुंचवार यांचा जन्म १९३९ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पारवा येथे झाला. विदर्भातील वाडासंस्कृती त्यांनी जवळून पाहिली होती. १९५८ चा विदर्भासाठीचा कुळकायदा आणि १९६१ चा महाराष्ट्र शेतजमीन कमाल धारणा कायदा यांनंतर मोठ्या जमीनदार घराण्यांचा आर्थिक पाया खचत गेला. मानमरातब मात्र त्याच वेगाने गेला नाही. उत्पन्न आटलेले आणि खर्चाची रीत तीच, अशा मधल्या काळात नाटक घडते.

कथानक

तात्याजींच्या निधनानंतर मुंबईत नोकरी करणारा दुसरा मुलगा सुधीर पत्नी अंजलीसह गावी येतो. थोरला भास्कर घराचा कारभार पाहतो. घरच्या दागिन्यांची पेटी आणि किल्ल्या त्याच्याकडे व त्याच्या पत्नीकडे, म्हणजे वहिनीकडे असतात. धाकटा चंदू अविवाहित असून घरातील कष्टाची सर्व कामे त्याच्यावर पडतात. बहीण प्रभा हिला शिकायचे होते, पण वडिलांनी तिला शिकू दिले नाही; तीही अविवाहितच राहते. घरात आई आहे आणि वारंवार वेळ विचारणारी वृद्ध दादी आहे. भास्करची मुले पराग आणि रंजू यांपैकी पराग व्यसनाच्या वाटेवर आहे, तर रंजूला सिनेमाचे वेड आहे. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर उभा असतो.

तेराव्याला गावजेवण घालावे, घराण्याला शोभेल असे करावे, अशी घराची रीत. पैसा मात्र हाताशी नाही. सुधीरने वाटा उचलावा अशी अपेक्षा असते, पण तो आढेवेढे घेतो. वाड्याचा भाग विकण्याचा विषय त्यातूनच निघतो. रंजू शिकवणीच्या मास्तरांबरोबर दागिन्यांसह पळून जाते. पुढे रंजू परत येते, दागिने येत नाहीत. या गडबडीत चंदूच्या पायाच्या जखमेकडे कोणी नीट लक्ष देत नाही.

भावंडांमधील आर्थिक विषमता

या भावंडांपैकी नक्की श्रीमंत कोण, याचे उत्तर नाटकात कोणाकडेच नाही. गावाकडच्यांच्या दृष्टीने सुधीर मुंबईचा, दरमहा पगार घेणारा, म्हणून सुखी. सुधीर व अंजली यांच्या दृष्टीने भास्करकडे वाडा, शेती आणि सोने, म्हणून तो सुखी. वस्तुतः सुधीर शहरातील मध्यमवर्गीय ओढाताणीत जगतो आणि भास्करच्या हाती पेटीखेरीज फारसे काही उरलेले नाही. दोघेही आपली अडचण उघडपणे सांगत नाहीत, कारण तसे करणे म्हणजे भावासमोर कमीपणा घेणे. त्यामुळे संवाद व्यवहाराचे असले तरी भांडण मानाचे होते. वहिनी रात्री सगळे वडिलोपार्जित दागिने अंगावर घालते तो प्रसंग यासाठीच लक्षात राहतो. ते वैभव पाहायला नवऱ्याखेरीज कोणी नसते.

चंदू आणि प्रभा यांची स्थिती याहून वेगळी आहे. घर त्यांच्या श्रमावर चालते, पण हिशेबात त्यांचे नाव उशिरा येते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वारसा मिळत असे. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्माने मुलाइतका हक्क मात्र नव्हता. महाराष्ट्राने तो हक्क कायद्यात दुरुस्ती करून १९९४ मध्ये दिला व देशभर तो २००५ मध्ये लागू झाला. नाटक लिहिले गेले तेव्हा प्रभाचे स्थान त्यामुळे कायद्यानेही दुय्यमच होते. नाटकात कायद्याची चर्चा नाही. प्रभाचा कडवट स्वर पुरेसा आहे.

भाषा

घरातील माणसे वऱ्हाडी वळणाची मराठी बोलतात. अंजलीची बोली शहरी, प्रमाण आहे. देशस्थ घरातील कोकणस्थ सून म्हणून तिच्याकडे पाहिले जाते आणि काटकसरीवरून टोमणे बसतात. विषय गंभीर असला तरी अशा टोमण्यांतून आणि रंजूच्या सिनेमावेडातून नाटकात बराच विनोद येतो.

त्रिनाट्यधारा आणि पुढील प्रयोग

'मग्न तळ्याकाठी'मध्ये पुढच्या पिढीचा काळ आहे. परागच्या हाती पैसा आलेला असतो व भावंडांच्या मुलांमध्ये पुन्हा नव्याने नाती जुळतात. 'युगान्त'मध्ये दुष्काळाचे भीषण चित्र आहे. तिन्ही नाटके चंद्रकांत कुलकर्णी यांनी 'आविष्कार' संस्थेसाठी १९९४ मध्ये सलग सादर केली. २०१५ मध्ये त्यांनीच 'वाडा चिरेबंदी' पुन्हा रंगभूमीवर आणले. त्यात वैभव मांगले, निवेदिता सराफ आणि प्रसाद ओक यांच्या भूमिका होत्या. विजया मेहता यांनी मूळ नाटकावर 'हवेली बुलंद थी' ही हिंदी टेलिफिल्म केली. कमल सन्याल यांनी नाटकाचा इंग्रजी अनुवाद केला आहे. 'युगान्त'साठी एलकुंचवार यांना सरस्वती सन्मान मिळाला.