कॅपम परीक्षेची तयारी

प्रकल्प व्यवस्थापनातील प्रवेशस्तरीय आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी करावयाचा अभ्यास.

प्रॉजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट ही संस्था १९६९ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली (पहा : प्रकल्प व्यवस्थापन). तिच्या पीएमपी (प्रॉजेक्ट मॅनेजमेंट प्रोफेशनल) प्रमाणपत्रासाठी कामाचा अनुभव अनिवार्य असल्याने नवोदितांसाठी तिने कॅपम सुरू केले. त्यासाठी माध्यमिक शिक्षण आणि २३ तासांचे विषय-प्रशिक्षण लागते. त्यामुळे अकोल्याच्या जठारपेठेतील अभियांत्रिकीचा विद्यार्थीही नोकरीआधी परीक्षा देऊ शकतो. परीक्षा केंद्रावर किंवा देखरेखीखाली घरून देता येते.

२०२३ मध्ये अभ्यासक्रम बदलला. १५० प्रश्न, वेळ १८० मिनिटे. पैकी १५ प्रश्न गुणांत धरले जात नाहीत. मूलभूत संकल्पनांना ३६%, व्यवसाय विश्लेषणाला २७%, अजाइल पद्धतींना २०% (पहा : स्क्रम) आणि नियोजनाधिष्ठित पद्धतींना १७% भार आहे. केवळ जुन्या पुस्तकांवर विसंबल्यास विश्लेषण व अजाइल हे भाग कच्चे राहतात.

गणिते थोडी, पण सरावाची. समजा, घरबांधणीत ८ लाखांचे काम झाले आणि खर्च १० लाख आला. तर खर्च-तफावत उणे २ लाख. कामांचा क्रम मांडून सर्वांत लांब साखळी शोधली की प्रकल्पाचा किमान कालावधी निघतो (पहा : क्रांतिक मार्ग पद्धती). शेवटच्या टप्प्यात घड्याळ लावून पूर्ण लांबीच्या सराव-चाचण्या सोडवतात. प्रत्येक प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद मिळतात.

प्रमाणपत्र तीन वर्षे वैध असते. कॅपमधारकाला पुढे पीएमपीसाठी लागणाऱ्या प्रशिक्षण-तासांच्या अटीतून सूट मिळते. अनुभवाची अट मात्र कायम राहते.