एकाच ताटात : मांजर, उंदीर आणि परसातील सोयरे

सायंकाळच्या त्रिकाळ प्रार्थनेची घंटा नुकतीच होऊन गेली होती. घरातील मंडळी वेदीपुढे रोझरीसाठी जमत असतानाच आमची मनी परसातून आली आणि तोंडातले काहीतरी तिने उंबरठ्यावर ठेवले. ते दयाळाचे पिल्लू होते. जुन्या जांभळाच्या ढोलीतून ते आदल्याच दिवशी बाहेर पडले होते आणि त्याचे अडखळते उड्डाण पाहण्यात आम्ही अख्खी सकाळ घालवली होती. मनी मात्र मोठ्या विश्वासाने आमच्याकडे पाहत होती. घरातील धाकट्या मुलीने रडत रडत विचारले, ‘‘आता हिला जेवायला द्यायचं की नाही?’’

त्या रात्री आम्हाला उत्तर देता आले नाही. मांजर आपले आणि दयाळही आपला; मग यांपैकी कोणाची बाजू घ्यावी? वाडीत राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबावर हा प्रसंग केव्हा ना केव्हा येतो. पुढे काही जुने ग्रंथ आणि संतचरित्रे चाळताना ध्यानात आले की हा प्रश्न मुळीच नवा नाही. ख्रिस्ती मठांनी, मठांच्या बागांनी आणि आपल्या मुंबईनेही तो निरनिराळ्या रूपांत अनुभवला आहे. त्याचाच हा थोडक्यात मागोवा.

मांजर माणसाच्या दारी आले ते शेतीच्या मागोमाग. धान्य साठू लागले तसे उंदीर आले आणि उंदरांपाठोपाठ मांजर आले. सायप्रस बेटावर एका माणसाच्या थडग्याशेजारीच पुरलेले मांजर पुरातत्त्वज्ञांना सापडले. ते दफन सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे आहे. म्हणजे ही सोबत पिरॅमिडांहूनही कितीतरी जुनी. असे असूनही पवित्र शास्त्रात मांजराला जवळजवळ स्थानच नाही. आपल्या कॅथलिक बायबलमध्ये बारूखच्या ग्रंथाला जोडलेल्या यिर्मयाच्या पत्रात ते एकदाच दिसते. मूर्तींच्या अंगाखांद्यावर वटवाघळे, पाकोळ्या आणि मांजरे खुशाल बसतात, असा तेथे उल्लेख आहे. उलट चिमणीला साक्षात प्रभूच्या मुखी स्थान मिळाले. कवडीमोलाने विकली जाणारी चिमणीदेखील पित्याच्या नजरेबाहेर भूमीवर पडत नाही, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

मांजराला ख्रिस्ती जगात प्रतिष्ठा मिळाली ती मठांत. नवव्या शतकातील एका आयरिश मठवाशाने आपल्या पांढऱ्या मांजरावर कविता लिहिली. ती हस्तलिखित रूपात ऑस्ट्रियातील एका मठात आजही जतन केलेली आहे. एकाच खोलीत मांजर उंदराच्या मागे आणि आपण शब्दांच्या अर्थामागे, दोघेही आपापल्या कामात गढलेले आणि कोणाचाच कोणाला अडथळा नाही, असा तिचा आशय आहे. तेराव्या शतकात इंग्लंडमधील एकांतवासी व्रतस्थ स्त्रियांसाठी लिहिलेल्या नियमग्रंथात इतर जनावरे पाळण्यास मनाई आहे. सूट आहे ती फक्त मांजराला! एक्सेटर येथील कॅथेड्रलच्या हिशेबवह्या तर याहूनही बोलक्या आहेत. १३०५ ते १४६७ या काळातील नोंदींत देवळाचे राखणदार आणि मांजर यांच्या नावे दर तिमाहीला तेरा पेन्स खर्ची पडलेले आढळतात. आठवड्याला एक पेनी, हा मांजराचा पगार. तेथील जुन्या घड्याळाखालच्या दारात मांजराला ये-जा करण्यासाठी पाडलेले गोल भोक आजही पाहावयास मिळते.

या इतिहासाला एक काळी बाजूही आहे. ती झाकून ठेवणे योग्य नव्हे. १२३३ साली पोप नववे ग्रेगरी यांनी जर्मनीतील पाखंडी पंथांविषयी एक पत्र काढले. त्या पंथीयांच्या कथित विधींच्या वर्णनात एक काळे मांजर येते. पुढील शतकांत चेटूक आणि काळे मांजर ही जोडी लोकांच्या मनात घट्ट झाली आणि अनेक मुक्या जिवांना त्याचे भोग भोगावे लागले. मात्र पोप महोदयांनी मांजरे मारण्याचा हुकूम दिला, मांजरे संपली, उंदीर माजले आणि म्हणून १३४७ नंतर युरोपात प्लेगची महामारी पसरली, ही जी गोष्ट वारंवार सांगितली जाते तिला आधार नाही. त्या पत्रात तसा हुकूम नाही.

आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला जेथे सापडले ते ठिकाण म्हणजे दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाची राजधानी लिमा. संत मार्टिन दि पोरेस यांचा जन्म तेथे १५७९ साली झाला. वडील स्पॅनिश सरदार आणि आई गुलामगिरीतून मुक्त झालेली कृष्णवर्णीय स्त्री. वर्णामुळे वाट्याला आलेली अवहेलना त्यांनी मुकाट्याने सोसली. लहानपणी न्हाव्याकडे राहून ते त्या काळच्या रिवाजाप्रमाणे जखमा बांधणे, औषधोपचार करणे शिकले आणि पुढे डॉमिनिकन मठात झाडलोट व रुग्णसेवा करू लागले. त्यांच्या चित्रात हाती झाडू दिसतो तो त्यामुळेच.

मठाच्या रुग्णालयात उंदरांनी उच्छाद मांडला होता. आजाऱ्यांची पांघरुणे आणि कपडे ते कुरतडून टाकीत. मठवाशांनी विष घालण्याचे ठरवले. चरित्रकार सांगतात की, मार्टिन यांनी एक उंदीर हाती धरला आणि त्याला समजावले : तुम्ही सर्वांनी बागेच्या टोकाला जाऊन राहा, रुग्णांच्या वस्तूंना दात लावू नका, मी रोज तुमचे अन्न तेथे आणून देईन. उंदीर गेले आणि मार्टिन यांनीही आपला शब्द पाळला. कुत्रा, मांजर आणि उंदीर एकाच ताटात जेवत असल्याची त्यांची कथा तर जगभर चित्रित झाली आहे. आजारी कुत्र्यामांजरांना ते बहिणीच्या घरी ठेवून त्यांची शुश्रूषा करीत. १६३९ साली ते निवर्तले. १९६२ साली पोप तेविसावे जॉन यांनी त्यांना संतपदी घोषित केले. ३ नोव्हेंबर हा त्यांचा सण.

या कथेतील चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. आमचे लक्ष वेधले ते तिच्यातील व्यवस्थेने. मार्टिन यांनी उंदराला उंदीरपण सोडावयास सांगितले नाही. त्यांनी त्याला जागा नेमून दिली आणि रोज अन्न पोहोचवण्याचा भार स्वतःच्या शिरावर घेतला. बागेतील शांतता उंदराच्या सद्गुणावर अवलंबून नव्हती. ती मार्टिन यांच्या रोजच्या फेरीवर उभी होती.

उंदीर आणि माणूस यांची गाठ आपल्याकडे किती भीषण ठरू शकते हे मुंबईने १८९६ साली पाहिले. त्या सप्टेंबरात मांडवी भागातील रुग्णांना झालेला रोग गाठीचा प्लेग आहे, असे निदान डॉ. अकासियो व्हिएगस यांनी केले. गोव्यातील हडफडे गावी जन्मलेले हे कॅथलिक डॉक्टर पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. त्या साथीने माणसे पटापट गेली, घरे ओस पडली. वांद्र्याच्या आणि गिरगावच्या जुन्या वस्त्यांतील आपल्या लोकांनी देवाचा धावा करीत चौकाचौकांत क्रूस उभारले. ते प्लेगचे क्रूस आजही काही गल्ल्यांत उभे आहेत. मे महिन्यात त्यांच्यापुढे माळा वाहताना त्यांच्यामागील आक्रोश मात्र आपल्याला क्वचितच आठवतो.

प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखवून दिले. त्यानंतर साहजिकच मांजराकडे लक्ष गेले. वऱ्हाडात काम केलेल्या ब्युकॅनन नावाच्या लष्करी डॉक्टरांनी १९०८ साली ब्रिटिश वैद्यक नियतकालिकात लेख लिहून असे मांडले की, जेथे घरोघर मांजरे आहेत तेथे प्लेग कमी दिसतो. म्हणून लोकांनी मांजरे पाळावीत. मांजरालाही प्लेग होऊ शकतो, हे आज आपण जाणतो. तेव्हा मांजर म्हणजे संपूर्ण कवच खास नव्हे. तरीही भीतीच्या त्या दिवसांत कणगीपाशी बसलेले मांजर पाहून कित्येक आयांना धीर आला असेल.

मांजर असे कामकरी म्हणून घरात आले. पण परसातील इतर जिवांकडे केवळ आनंदासाठी पाहावयाचे असते, हे कोणी शिकवले? आपल्या प्रांतापुरते सांगायचे तर एडवर्ड हॅमिल्टन एटकन यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. एका स्कॉटिश मिशनऱ्याचा हा मुलगा १८५१ साली साताऱ्यात जन्मला. जकात व मीठ खात्यातील नोकरीमुळे तो कोकणपट्टीत फिरला. १८८३ साली त्याने आपल्या बंगल्याभोवतीच्या उंदीर, पाली, मुंग्या, कावळे, बेडूक आणि पाखरांवर एक खुसखुशीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी मुंबईत आठ जणांनी निसर्ग इतिहास मंडळाची स्थापना केली. त्यांत एटकन होता, तसेच डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हेही होते. वाघ-हत्तींच्या शिकारकथांच्या त्या जमान्यात, पायरीवर बसूनही निसर्ग पाहता येतो, हे एटकनने दाखवले.

आता ही दोन प्रेमे परस्परांशी भिडतात तेव्हा काय होते? न्यूझीलंडजवळच्या स्टीफन्स बेटावर १८९४ साली दीपगृह सुरू झाले आणि माणसांबरोबर मांजरे आली. तेथे एक चिमुकला, उडू न शकणारा पक्षी राहत असे. थोड्याच वर्षांत तो पृथ्वीतलावरून नाहीसा झाला. मांजरांचा त्यात काय दोष? ती आपल्या स्वभावानुसार वागली. त्यांना तेथे नेणाऱ्याने मात्र विचार केला नाही.

आपली वाडी म्हणजे बेट नव्हे, परंतु ती बेटासारखी होत चालली आहे. वसईची बावखले बुजली, वया जाऊन सिमेंटच्या भिंती आल्या, ढोलीची झाडे पडली. पूर्वी एका परसात मांजराने पिल्लू नेले तर शेजारच्या चार वाड्यांत आणखी घरटी असत. आज जांभळाचे एखादेच झाड उरते आणि त्यात एकच घरटे. मांजर पूर्वीइतकेच मारते, पण झीज भरून निघत नाही.

१९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांना दयेने वागवणे हे त्यांचे देणे असल्याचे म्हटले आहे. तसेच माणसाच्या दुःखनिवारणाचा पैसा प्राण्यांवर उधळू नये, असेही बजावले आहे. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सृष्टी हे आपले सामायिक घर असल्याची आठवण करून दिली. आमच्या मते या शिकवणीला खर्च फारसा लागत नाही, लागते ती रोजची आठवण. पोट भरलेले मांजरही शिकार करते, म्हणून त्याला उपाशी ठेवून काही साधत नाही. मांजराची शस्त्रक्रिया वेळेवर करून घ्यावी, नको असलेली पिल्ले बाजारात सोडून येऊ नये, घरट्यांच्या दिवसांत पहाटे आणि सायंकाळी त्याला घरात ठेवावे, पाखरांचे पाणी उंचावर टांगावे आणि एखादे जुने झाड ढोलीसकट राहू द्यावे.

त्या लेकराला आम्ही दुसऱ्या दिवशी उत्तर दिले : हो, मनीला जेवायला द्यायचे, पण घंटा होण्याआधी, घरात बोलावून, आणि मग दार लावून घ्यायचे. ते काम तिच्याकडेच सोपवले आहे. यंदा चैत्रात दयाळाने पुन्हा त्याच ढोलीत घरटे केले. सायंकाळी तो शेंड्यावर बसून गातो, मनी खिडकीच्या गजांआडून शेपटी हलवीत ऐकते आणि रिकामे ताट विसळून ती मुलगी रोझरीला येऊन बसते.