दगडूचा नातू

तीन वर्षांपूर्वी थोरल्या लेकीच्या लग्नाची पत्रिका छापायला दिली तेव्हा मी एक खोटेपणा केला. पत्रिकेत वडिलधाऱ्यांची नावं घालायची आमच्याकडे पद्धत आहे. जे हयात नाहीत त्यांच्या नावाआधी ‘मरहूम’ लावायचं. माझ्या आजोबांचं नाव शेख दगडू. मी छापलं शेख सादिक. सादिक म्हणजे सच्चा! व्याही शहरातले, शिकलेले, घरात उर्दू बोलणारे. त्यांच्या दिवाणखान्यात कुणीतरी ते नाव मोठ्यानं वाचेल आणि हसेल, एवढीच भीती होती.

मी इतिहास शिकवतो. त्यामुळे हा खोटेपणा मला जरा जास्तच टोचत राहिला.

हे नाव कसं पडलं ते दादीनं सांगितलं होतं. आजोबांच्या आधीची तीन भावंडं वर्षाच्या आत गेली. चौथं जन्मलं तेव्हा पणजीनं ते दर्ग्याच्या पायरीवर ठेवलं, मुजावरानं उचललं, आणि सव्वा पैसा देऊन तिनं ते त्याच्याकडून विकत घेतलं. आता पोर तिचं राहिलं नव्हतं, म्हणजे तिच्या नशिबातलं मरणही त्याला लागू नव्हतं. वर नाव ठेवलं दगडू. दगडाला कोण उचलून नेणार? अकीक्याला मौलवींनी दुसरं काही नाव ठेवलं असेलही, पण ते घरात कुणालाच आठवत नाही.

मुलं मरत होती त्या काळातली ही सगळ्यांचीच रीत. धोंडू, दगडू, कचरू, केरबा, भिकू, उकिर्डा. मराठी मुलुखातल्या कुठल्याही जुन्या हजेरीपटात ही नावं सापडतात, आणि ती ठेवणाऱ्या बाईचा धर्म नावावरून ओळखता येत नाही. उलट दिशेनंही हेच. मालोजीराजांनी अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी व शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. पिराजी आणि फकिरा ही नावं हिंदू घरांतही त्याच वाटेनं आली. मूल जगावं म्हणून आई कुठल्याही दारात उभी राहते.

मग हे नाव गरिबाचं, हसण्याचं केव्हा झालं? मला वाटतं, नुसत्या नावानं ते होत नाही. १८५७ च्या उठावातले नानासाहेब पेशवे, त्यांचं नाव धोंडोपंत. १९५८ साली भारतरत्न मिळालेले महर्षी कर्वे, त्यांचं नाव धोंडो केशव. पुण्याचा सर्वात प्रसिद्ध गणपती दगडूशेठ हलवायांच्या नावानं ओळखला जातो. त्या नावाला कुणी हसल्याचं मी ऐकलेलं नाही. धोंडा तोच, दगड तोच. शेवटी पंत लागला की घराणं दिसतं, शेठ लागला की पेढी दिसते. आणि ‘या’ लागला, दगड्या, धोंड्या, कचऱ्या, की माणूस वाड्याच्या अंगणात उभा राहतो, हातातली टोपी चुरगाळत. नावाची इज्जत त्याच्या शेपटात असते.

या शेपटाची व्यवस्था जुनी आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावं कशी ठेवावीत ते सांगितलंय : ब्राह्मणाचं मंगल, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं तिरस्कार वाटावा असं. आईनं मरणाला चकवायला ठेवलेलं नाव आणि शास्त्रानं पायरी दाखवायला सांगितलेलं नाव, दोन्ही एकच निघालं. ज्यांच्याकडे पंत-राव-शेठ होते ते त्यातून सुटले. बाकीच्यांच्या गळ्यात ते राहिलं.

दया पवारांचं मूळ नाव दगडू मारुती पवार. १९७८ साली आलेल्या ‘बलुतं’मध्ये दगडू आपली कहाणी दया पवारला सांगतो. शिकलेला, नोकरी करणारा, कविता लिहिणारा माणूस आपल्याच जुन्या नावासमोर श्रोता होऊन बसतो. हे पुस्तक मी कॉलेजात असताना वाचलं, तेव्हा ही रचना मला लेखकाची युक्ती वाटली होती. पत्रिका छापून आली त्या रात्री तसं वाटलं नाही.

आता आपल्या घरातलं बोलू. इस्लाममध्ये उच्चनीच नाही हे आपण व्यासपीठावरून सांगतो. पण अशराफ आणि अजलाफ हे शब्द काही इंग्रजांनी शोधले नाहीत. खानदानी घरातली बाई ‘बेगम’ किंवा ‘बानो’, आणि खेड्यात भाजी विकणारी, बिडी वळणारी बाई ‘बी’ : हिराबी, रसूलबी, चांदबी. माझी एक आत्या चांदबी. तिच्या सुना हे नाव घेताना पदराआड हसत. हीच बीबी १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यात अहमदनगरचा किल्ला लढवत होती, सुलताना होती. राणीचं नाव बाजारात बसलं आणि हलकं झालं. पुरुषांत अब्दुलचं तेच झालं. ‘अब्दुल’ हे खरं तर अर्धंच नाव, पुढं अल्लाहच्या नावांपैकी एक यायला हवं. पण गॅरेजात, बसस्टँडवर, विनोदात तो नुसता अब्दुल, फार तर अब्दुल्या.

यावर आपल्याकडे एक तोडगा निघाला. माझ्या तरुणपणी गावोगाव येणारी मंडळी सांगायची की ही नावं जाहिलपणाची आहेत, बदला. पैगंबरांनी ‘अवज्ञा करणारी’ अशा अर्थाचं एका मुलीचं नाव बदलून ‘जमीला’ ठेवलं होतं, हा दाखला ते देत. दाखला खराच आहे. पण तिथं मुलीचा मान राखला होता. इथं दगडू-भिकूंना सांगितलं जात होतं की तुमच्या आईला अक्कल नव्हती.

नाव बदलू नये असं माझं म्हणणं नाही. २०११ च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात ‘नकुशा’ नावाच्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली गेली. ते योग्यच झालं. नको असलेल्या मुलीला नकुशी म्हणणं आणि हव्या असलेल्या मुलाला दगड म्हणणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या आजोबांइतकं हवं असलेलं मूल त्या गावात दुसरं नसेल.

शिवाय नवं नाव फार काळ नवं राहत नाही. आमच्या पिढीचे सलीम, रफिक, शब्बीर आता जुने, गावंढळ झालेत. मोबाइलवर शोधून ठेवलेल्या नावांची मुलं इंग्रजी शाळेत जातात आणि सलीमच्या नावाला हसतात.

धाकट्या लेकीचं लग्न डिसेंबरात आहे. पत्रिकेचा मजकूर गेल्या आठवड्यात प्रेसमध्ये दिला : मरहूम शेख दगडू शेख चांद यांची पणती. कच्ची प्रत मोबाइलवर आली तेव्हा ऑपरेटरनं शेजारी लाल खूण करून विचारलं होतं, ‘सर, नाव बरोबर आहे ना?’ बहिणीला तीच प्रत पाठवली. तिचा अजून फोन आलेला नाही.