मंगळवेढ्याचे पेव

काटकसर हा शब्द आपल्या घरांत बहुधा महिनाअखेरीस उच्चारला जातो. पगार आणि वाणसामानाची यादी यांची तोंडमिळवणी होईना की त्याची आठवण होते. सोलापूर जिल्ह्यातील जुन्या शेतकरी कुटुंबांचा हिशेब मात्र यापेक्षा लांबचा होता. पाऊस हमखास दगा देणार, प्रश्न केवळ कोणत्या वर्षी एवढाच, हे गृहीत धरून तेथील संसार उभा राहिला. या दूरदृष्टीचा इतिहास पाहायचा तर मंगळवेढ्याइतके बोलके गाव आम्हांला दुसरे दिसत नाही.

मंगळवेढ्याला ज्वारीचे कोठार म्हणतात. येथील खोल, काळ्या, चिकण रानात पावसाळ्याच्या अखेरीस ओल मुरते आणि त्या साठलेल्या ओलीवरच रब्बीची ज्वारी वाढते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेले पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. पीक स्वतःच जणू शिलकीवर जगते! मोत्यासारख्या टपोऱ्या दाण्याची 'मालदांडी' ही येथील लौकिकप्राप्त ज्वारी. तिच्यातूनच 1930 च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रात 'मालदांडी 35-1' हे वाण निवडले गेले. 2016 मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

पिकल्या वर्षीचे धान्य न पिकणाऱ्या वर्षापर्यंत टिकवायचे कसे? त्याचे उत्तर म्हणजे पेव. काळी जमीन ओल धरते, भेगाळते, म्हणून पेव तेथे खणत नसत. गावठाणातील कोरड्या, घट्ट पांढरीत किंवा मुरमात ते खणले जाई. तोंड माणूस उतरेल एवढेच अरुंद आणि पोट रुंद. तळाला व कडेला कडबा, भुसा वा कडुनिंबाचा पाला घालून आत वाळलेले धान्य ओतत आणि तोंडावर दगड ठेवून माती लिंपून टाकत. आतील हवेतला प्राणवायू धान्याच्या व किड्यांच्या श्वासाने संपून जाई, त्यामुळे कीड पुढे वाढत नसे आणि ज्वारी वर्षानुवर्षे टिके. पेव उघडल्यावर प्रथम दिवा खाली सोडीत. तो विझला तर आत कोणी उतरत नसे, कारण त्या कोंडलेल्या हवेत माणसाचाही जीव जाई. एखाद्या गोष्टीचा एकदम सुळसुळाट झाला की 'पेव फुटले' असे आपण म्हणतो. त्या वाक्प्रचारात हे मातीखालचे कोठार अजून शिल्लक आहे.

घरातही हीच रीत होती. रोजचे धान्य शेणामातीने लिंपलेल्या कणगीत, डाळी-कडधान्ये मडक्यांच्या उतरंडीत, बियाणे राख चोळून वेगळे. ज्वारीच्या ताटाचा एकही भाग वाया जात नसे. दाणा माणसाला, कडबा बैलाला, धसकटे चुलीला. भरडलेल्या कण्या ताकात शिजत आणि शिळी भाकरी कुस्करून पुन्हा ताटात येई. हे सारे ज्या गृहिणींनी सांभाळले, त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत.

परंतु साठवण ही गोष्ट दुधारी आहे. ज्याच्या घरी पेव भरलेले, त्याच्याच दाराशी दुष्काळात उपाशी माणूस उभा राहतो. दामाजीपंतांची कथा येथूनच सुरू होते. पंधराव्या शतकात बीदरच्या बहामनी सत्तेखाली ते मंगळवेढ्याचे अधिकारी होते, अशी परंपरा सांगते. भयंकर दुष्काळ पडला असता त्यांनी सरकारी कोठारे लोकांना खुली केली. सुलतानाने जाब विचारला, तेव्हा विठू महाराच्या रूपाने विठ्ठलानेच धान्याची किंमत भरून पावती घेतली, असे महिपतींनी 'भक्तविजया'त 1762 मध्ये लिहून ठेवले. चमत्काराचा भाग ज्याच्या-त्याच्या श्रद्धेवर सोडू. लोकस्मृतीने मोठा मान कोणाला दिला, हे मात्र ध्यानात घेण्यासारखे आहे. कोठार भरणारे पुष्कळ झाले असतील, नाव राहिले ते कोठार उघडणाऱ्याचे.

याच गावी, परंपरेनुसार 1338 मध्ये, गावकुसाच्या भिंतीखाली संत चोखोबा व इतर मजूर गाडले गेले. भिंत बांधणाऱ्या हातांच्या घरी पेव असण्याचा प्रश्नच नव्हता. आजचे आजच संपते, त्याने उद्यासाठी ठेवायचे काय? काटकसरीचा उपदेश करताना हा प्रश्न विसरून चालणार नाही.

हा प्रश्न 1876-78 च्या दुष्काळात उघड झाला. मंगळवेढा तेव्हा सांगली संस्थानात होते. लगतच्या ब्रिटिश मुलखातील सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. सर रिचर्ड टेंपल यांनी 1874 च्या बिहारमधील दुष्काळात सढळ हाताने खर्च करून माणसे वाचविली होती, पण त्याबद्दल त्यांना उधळपट्टीचा ठपका सोसावा लागला. 1877 मध्ये त्यांनी तो जणू धुऊन काढला. दिवसभर खडी फोडणाऱ्या मजुराला सुमारे एक रत्तल धान्य व वर किरकोळ पैसे, एवढ्यावर मजुरी आणली. मुंबई इलाख्यातील मजुरांनी ती नाकारली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कैफियत मांडली. स्वतःच्या ताटात काटकसर करणे वेगळे आणि दुसऱ्याच्या ताटात करणे वेगळे, हे त्या वर्षी महाराष्ट्राला कळले.

1972 च्या दुष्काळापर्यंत पेवांचे दिवस बहुतेक सरले होते. लोकांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकऱ्या थापल्या. त्या अनुभवातून वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेला बळ मिळाले. 1977 मध्ये कायदा संमत झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. मागेल त्याला काम देणारी ही हमी म्हणजे ज्यांच्या घरी पेव नव्हते, त्यांच्यासाठी सर्वांनी मिळून भरलेले पेवच होय.

आज मंगळवेढ्यात दामाजींचे नाव एका सहकारी साखर कारखान्याने धारण केले आहे. काळ बदलला, पिके बदलली, शिल्लक पेवातून बँकेत गेली. जुनी पेवे पुन्हा खणावीत, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्यांमागची शिस्त आपल्या कुटुंबांनी जरूर उचलावी: चांगल्या वर्षी आधी बाजूला काढावे आणि मग खर्चावे, उरलेले अन्न टाकू नये, बियाण्याची राशी, म्हणजे मुलांच्या शिक्षणाचा पैसा, सणासमारंभासाठी मोडू नये. आणि आळीत कोणाची चूल पेटलेली नाही असे कळले, तर पेवाच्या तोंडावरील दगड बाजूला सारावा. शिल्लक खरोखर कशासाठी होती, ते त्याच क्षणी ठरते.