फाउंटन्सचा मठ : एका श्रीमंत झालेल्या दारिद्र्याची कथा

इ. स. ११३२ च्या ऑक्टोबर महिन्यांत उत्तर इंग्लंडांतील यॉर्क शहरीं सेंट मेरीच्या मठांत उघड दुफळी माजली. मठ सधन होता. ताटांतले पदार्थ वाढत चालले होते, अंगावरचीं वस्त्रें उंची झालीं होतीं, आणि सहाव्या शतकांत संत बेनेडिक्टनें घालून दिलेला मौनाचा व अंगमेहनतीचा नियम पोथीपुरता उरला होता. त्याच वर्षीं फ्रान्समधून आलेल्या सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनीं यॉर्कशायरांतच रीव्हो येथें नवा मठ घातला. त्यांचें कडकडीत वैराग्य पाहून यॉर्कच्या मठांतील तेरा जणांना आपल्या सुखवस्तु जिण्याची लाज वाटूं लागली. तंटा मिटविण्यासाठीं आर्चबिशप थर्स्टन स्वतः आले. परंतु गोष्ट अशी हातघाईवर आली, कीं त्यांना त्या असंतुष्ट साधूंसह चर्चमध्यें शिरून आंतून दार लावून घ्यावें लागलें.

थर्स्टननीं ह्या तेरा जणांना आश्रय दिला, आणि नाताळानंतर रिपन गांवापासून कांहीं मैलांवर स्केल नदीच्या अरुंद खोऱ्यांत जमीन तोडून दिली. जागा रानवट, कांट्याकुट्यांची. वसतीला नव्हे, श्वापदांना योग्य, असें तिचें वर्णन पुढें मठाच्याच बखरींत आलें आहे. पण तेथें वाहतें पाणी होतें, वाऱ्यापासून आडोसा होता, आणि खोऱ्याच्या दोन्ही कडांना बांधकामाचा दगड होता. खोऱ्यांत झरे बरेच, म्हणून मठाचें नांव फाउंटन्स पडलें. पहिला हिंवाळा त्यांनीं एका मोठ्या एल्म वृक्षाखालीं काढला. पुढें दुष्काळ पडला, तेव्हां त्याच झाडाचा पाला शिजवून खाल्ला, असेंही बखर सांगते. ही हकीगत सर्लो नांवाच्या अतिवृद्ध साधूनें तेराव्या शतकाच्या आरंभीं सांगितली, व ह्यू नांवाच्या दुसऱ्या साधूनें लिहून ठेविली. म्हाताऱ्याच्या आठवणींत भक्तीचें मीठ थोडें अधिक पडलें असेल. पण उपासमार खोटी नव्हती. कारण दोन वर्षांतच हे लोक इंग्लंड सोडून फ्रान्समध्यें क्लेअर्व्हो येथें संत बर्नार्डच्या आश्रयास जाण्यास निघाले होते.

त्यांना थांबविलें तें पैशानें. यॉर्कच्या कॅथीड्रलचे प्रमुख धर्माधिकारी डीन ह्यू हे वृद्धापकाळीं आपली संपत्ति व ग्रंथसंग्रह घेऊन फाउंटन्समध्यें दाखल झाले. त्यांच्या मागोमाग आणखी धनिक आले, आणि जमिनीचीं दानें सुरू झालीं. दारिद्र्याचें व्रत घेतलेल्या मठाचा पाया अशा रीतीनें एका श्रीमंताच्या तिजोरीनें भक्कम केला, हें इतिहासकारानें विसरूं नये.

सिस्टर्शियनांचा नियम असा, कीं मठानें गांवांचा सारा अथवा कुळांचा खंड खाऊं नये. स्वतःच्या श्रमांवर जगावें. हेतु उदात्त होता, परिणाम विलक्षण झाला. नांगर धरणारे व मेंढ्या राखणारे हात हवेत, म्हणून मठांत साधूंचा एक दुसरा वर्ग निर्माण झाला. हे श्रम करणारे बंधु बहुधा निरक्षर शेतकरी होते. त्यांनीं व्रतें घ्यावयाचीं, पण चर्चच्या पश्चिम भागांतच बसावयाचें. मठाच्या कारभारांत त्यांना मत नसे. समतेचा उपदेश करणाऱ्या एकाच छपराखालीं हे दोन वर्ग शतकानुशतकें नांदले. शिवाय एकान्त हवा म्हणून, जेथें गांव होतें तेथें गांव उठवून मठाच्या वाड्या वसविण्यांत आल्या. सिस्टर्शियन लोक निर्जन जागा शोधीत नाहींत, तर निर्माण करितात, अशा अर्थाचा टोमणा वॉल्टर मॅप नांवाच्या बाराव्या शतकांतील लेखकानें मारला आहे. वॉल्टर त्यांचा हाडवैरी होता. तरी ह्या बाबतींत त्याचें म्हणणें निराधार नव्हे.

यॉर्कशायरच्या टेकड्यांवर गहूं बेताचा पिके, पण मेंढी उत्तम पोसे. तेराव्या शतकांत फाउंटन्सची लोंकर फ्लँडर्स व इटलीच्या पेढ्यांवर नांवाजलेली होती. चौदाव्या शतकांतील पेगोलोत्ती नांवाच्या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यानें आपल्या व्यापारी टिपणवहींत इंग्लंडच्या मठांची लोंकर प्रतवारीनें नोंदिली आहे. तींत हा मठ ठळकपणें येतो. ही सारी दौलत कोठें सांठविली जाई, तें आजही पाहावयास मिळतें. मठाच्या पश्चिमेस सुमारें ३०० फूट लांबीचें एक दगडी दालन आहे. मधोमध खांबांची एकच रांग, आणि प्रत्येक खांबापासून ताडाच्या झावळ्यांप्रमाणें फुटलेल्या कमानी. खालीं कोठार व श्रमबंधूंची भोजनशाळा, वर त्यांची निजण्याची जागा. शेजारच्या चर्चचें छप्पर कधींच नाहींसें झालें. ह्या कोठाराची कमानदार पाठ अद्याप अभंग आहे.

मेंढीनें मठ मोठा केला, आणि मेंढीनेंच तो गहाण टाकला. इमारतींना पैसा अपुरा पडूं लागला, तेव्हां मठानें पुढील अनेक वर्षांची लोंकर इटालियन व्यापाऱ्यांना आगाऊ विकून रोकड उचलली. पंथाच्या वार्षिक सभेनें असल्या सौद्यांना आळा घालणारे नियम केले होते. ते बाजूला राहिले. तेराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मेंढ्यांत खरजेची सांथ पसरली, ठरलेली लोंकर भरतां येईना, आणि कर्ज फुगत गेलें. १२७४ मध्यें राजा पहिला एडवर्ड ह्यास मठाच्या व्यवहारावर आपला कारभारी नेमावा लागला. १२९१ मध्यें देणें ६,००० पौंडांच्या वर होतें. पुढें स्कॉटिश स्वाऱ्या झाल्या, १३४८-४९ ची महामारी आली. श्रमबंधु मिळेनासे झाले, आणि ज्या जमिनी स्वतः कसावयाच्या त्या कुळांना खंडानें देणें भाग पडलें. मूळ नियमाचा शेवट तेथेंच झाला.

मठाचा शेवट व्हावयास मात्र अजून अवकाश होता. मार्मड्यूक ह्यूबी हा १४९५ ते १५२६ मठाधिपति होता. त्यानें चर्चच्या उत्तर अंगास सुमारें १६० फूट उंचीचा मनोरा उभारला. मूळ सिस्टर्शियनांना असल्या दिमाखाचें वावडें होतें. मनोऱ्याला पुरतीं पन्नास वर्षेंही लाभलीं नाहींत. आठव्या हेन्रीनें पोपशीं नातें तोडून मठांच्या मालमत्तेवर हात टाकला. तेव्हांचा मठाधिपति विल्यम थर्स्क ह्यास १५३६ मध्यें पद सोडावें लागलें, आणि उत्तरेकडील बंडाच्या संदर्भांत राजद्रोहाचा ठपका ठेवून १५३७ मध्यें टायबर्न येथें त्यास फांसावर चढविलें. त्याच्या जागीं आलेल्या मार्मड्यूक ब्रॅडलीनें २६ नोव्हेंबर १५३९ रोजीं मठ राजाच्या स्वाधीन केला, व सालीना १०० पौंडांचें पेन्शन घेतलें. पुढच्याच वर्षीं लंडनचा व्यापारी सर रिचर्ड ग्रेशम ह्यानें ही मिळकत विकत घेतली. छपराचें शिसें वितळवून नेण्यांत आलें. आणि ह्या अवशेषांचा दगड वापरून सर स्टीफन प्रॉक्टर ह्यानें सतराव्या शतकाच्या आरंभीं शेजारींच आपला वाडा बांधला.

१७६७ मध्यें शेजारच्या स्टडली रॉयल उद्यानाचा मालक विल्यम एझलबी ह्यानें हे अवशेष विकत घेतले. त्याच्या बापानें त्या खोऱ्यांत आखीव तळीं व पुतळे मांडले होते. मुलाला त्या देखाव्याच्या शेवटास एक भग्न मठ हवा होता. ओस पडलेला मठ पाहून हळहळावें, हीही तेव्हांची एक करमणूकच होती.

हीच मिळकत वारसाहक्कानें पुढें जॉर्ज रॉबिन्सन ह्यांजकडे आली. स्थानिक स्वराज्याच्या योजनेमुळें आणि देशी वृत्तपत्रांवरील बंधन उठविल्यामुळें आपल्याकडे ज्यांचें नांव घरोघर पोंचलें, ते १८८० ते १८८४ या काळांतील व्हाइसरॉय लॉर्ड रिपन ते हेच. १८७४ मध्यें त्यांनीं रोमन कॅथॉलिक पंथ स्वीकारला, तेव्हां इंग्लंडांत मोठा गहजब झाला. आठव्या हेन्रीनें ज्या धर्माच्या साधूंना ह्या खोऱ्यांतून हांकून लाविलें, त्याच धर्माचा अनुयायी सव्वातीनशें वर्षांनीं त्यांच्या पडक्या भिंतींचा धनी झाला. रिपन १९०९ मध्यें स्टडली रॉयल येथेंच वारले. १९६६ मध्यें ही जागा सार्वजनिक मालकीची झाली, १९८३ मध्यें नॅशनल ट्रस्टकडे आली, आणि १९८६ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत उद्यान व मठ हीं दोन्हीं मिळून नोंदलीं गेलीं. साधूंनीं बाराव्या शतकांत बांधलेली पाणचक्की अद्याप नदीकांठीं उभी आहे. विसाव्या शतकापर्यंत तिचा वापर चालू होता.