मापातल्या पोकळीची कुळकथा

खानदेशातील खळ्यावर दादर ज्वारी मळून, उफणून तिची रास पडली आणि माप घालावयास एखादा जाणता मनुष्य बसला, म्हणजे शेतकऱ्याची, बलुतेदाराची आणि सावकाराच्या कारकुनाची नजर त्याच्या हातावर सारखीच खिळून राही. कारण चार शेरांची पायली सर्वांच्या परिचयाची असली, तरी तिच्यात धान्य किती जाईल हे पायलीपेक्षा भरणाऱ्यावरच अधिक अवलंबून असते, हे त्यांतील प्रत्येकजण जाणून असे. दाणे अलगद ओतले तर माप लवकर भरते. तेच भरता भरता जमिनीवर दोनदा आपटले, तर दाणे खाली बसतात आणि वर आणखी ओंजळभर मावतात. दाणा तोच, पायली तीच. बदलते ती दाण्यादाण्यांमधील पोकळी.

आज वाळू, खडी किंवा धान्य यांचे कृत्रिम नमुने संगणकावर रचणाऱ्या अभ्यासकांपुढे पहिला प्रश्न हाच असतो. नमुन्यात पोकळी किती ठेवावयाची, आणि ती हवी तितकीच राहील असा उपाय कोणता? या विद्येचे कूळ प्रयोगशाळेपेक्षा पुष्कळ जुने आहे, असे माझे मत आहे.

पोकळीला मोजमाप मात्र उशिरा लाभले. 1960 मध्ये स्कॉट यांनी पोलादी गोळ्या भांड्यांत भरून पाहिल्या, तेव्हा सैल भरणीत सुमारे 60 टक्के जागा गोळ्यांनी व्यापली आणि हलवून भरल्यावर सुमारे 64 टक्के. ज्वारीचा दाणा काही पोलादी गोळी नव्हे. तरी हा हिशेब पायलीला लावून पाहावा, म्हणजे पंधरा सैल मापांचा माल चौदा घट्ट मापांत बसतो, आणि खळ्यावरचे तंटे निष्कारण नव्हते हे ध्यानी येते.

1956 च्या वजनमापांच्या कायद्यानंतर किलो आणि क्विंटलचा अंमल बसला, मापाची जागा तोलाने घेतली आणि पोकळीचा वाद बाजारातून बहुतांशी उठला. परंतु बांधकामात तो कायमच होता. मातीच्या भरावातील पोकळी ठराविक कुटाईने किती ओलाव्यात सर्वांत कमी होते, याची पद्धतशीर कसोटी अमेरिकेत प्रॉक्टर यांनी 1933 मध्ये घालून दिली. आणि 1969 मध्ये पूर्ण झालेल्या गिरणा धरणासारख्या मातीच्या धरणांची भिस्त थराथराने दाबलेल्या अशा भरावावरच असते. थर म्हटला की एक अडचण येतेच: वरचा थर दाबताना खालचाही पुन्हा दाबला जातो. म्हणून 1978 मध्ये लॅड यांनी प्रयोगशाळेतील वाळूच्या नमुन्यांसाठी अशी युक्ती सुचविली की, खालचे थर हेतुपुरस्सर थोडे सैल ठेवावेत, म्हणजे शेवटी सर्व थर सारखे होतात.

पुढच्याच वर्षी कंडॉल आणि स्ट्रॅक यांनी प्रत्येक कणाची गती स्वतंत्रपणे मोजणारी संगणकीय पद्धत विस्ताराने मांडली, आणि पोकळीचा कारभार हातातून गणिताकडे गेला. एक प्रचलित रीत अशी: पेटीत लहान कण विखरून टाकावयाचे, आणि मग सर्वांच्या त्रिज्या एकाच प्रमाणात फुगवावयाच्या. पोकळी 70 टक्क्यांवरून 40 वर आणावयाची असेल, तर घनभाग 30 वरून 60 म्हणजे दुप्पट व्हावा लागतो, आणि त्यासाठी त्रिज्या सुमारे 26 टक्क्यांनी वाढविणे पुरते. दुसरी रीत मला अधिक मार्मिक वाटते. तीत भरणी चालू असताना कणांमधील घर्षण शून्य करतात, म्हणजे ते एकमेकांवरून निसटून घट्ट बसतात. सैल नमुना हवा असेल तर घर्षण वाढवून ठेवतात. आणि नमुना तयार झाल्यावर त्या पदार्थाचे खरे घर्षण पूर्ववत बहाल करतात. लॅड यांची थरांची युक्तीही जियांग, कोनराड आणि लरुई यांनी 2003 मध्ये संगणकात आणली.

माप आपटणाऱ्याचा हात आणि घर्षण शून्य करणारी आज्ञा, दोहोंचे काम एकच, असे यावरून कोणासही वाटेल. आपटल्याने दाण्यांची पकड क्षणभर सुटते आणि आज्ञेने ती मुळातच नाहीशी होते. पोकळी दोन्हींकडे सारखीच उतरते. परंतु 2007 मध्ये अग्नोलिन आणि रू यांनी संगणकावर दोन्ही रीतींचे नमुने ताडून पाहिले, तेव्हा पोकळी जवळजवळ समान असूनही आतील रचना निराळी निघाली. घर्षणावाचून बसविलेल्या नमुन्यात भार वाहणाऱ्या प्रत्येक कणाला सरासरी सहाच्या आसपास शेजारी टेकलेले होते. हलवून बसविल्यासारख्या नमुन्यात पाचाहूनही कमी. म्हणून जळगावच्या एखाद्या डाळ गिरणीतील हॉपरचा नमुना करणाऱ्याने पोकळीचा आकडा जुळला एवढ्यावर समाधान मानू नये. डाळ त्यात वरून ओतली गेली की धक्के देऊन बसविली गेली, याची चौकशी त्याने आधी करावी आणि भरणीची रीत त्यावरून ठरवावी.